नऊ माणसांच्या स्प्रिंगा

“गुरुजी, ती गाडी विकून टाका आता,” असं मला सांगणाऱ्यांची नावं लिहायला बसलो तर आमच्या तळा गावाची निम्मी मतदार यादी तयार होईल. चहावाला सांगतो, पोस्टमन सांगतो, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या ताई कालथा हलवता हलवता सांगतात. का म्हणून विकू? तुमच्या दारात उभी करतो का मी ती? बावीस वर्षांची आहे, पत्र्याला गंज आहे, मागचा डावा दरवाजा फक्त बाहेरून उघडतो, हे सगळं मला माहीत आहे. माझेही गुडघे वाजतात. मला कुणी विकायला काढलंय का?

पण गाडीवरून माझं आणि आईचं जे भांडण झालं, ते मात्र खरं होतं.

आईची थोरली बहीण दिवेआगरला असते. मावशीचे यजमान गेले, मुलगी लग्न होऊन नागपूरला गेली, आणि त्या मोठ्या वादळात वाडीतले माड नि पोफळी आडव्या झाल्या. तेव्हापासून मावशी त्या घरात एकटी. तिला गुडघ्यांमुळे बाहेर पडवत नाही. आईला कंबरेमुळे एसटी झेपत नाही. दोनदा गाडी बदला, स्टँडवर ताटकळा, तिच्याच्याने होत नाही. दोघी रोज फोनवर बोलायच्या, पण फोन ठेवला की आई बराच वेळ नुसती बसून राहायची. तिला आक्काकडे जायचं होतं. बाकी काही म्हणजे काही नको होतं.

भाड्याची गाडी करू म्हटलं, तर आईच उसळली. “दारात गाडी हाय ना? मग लोक काय म्हणतील? मास्तरची गाडी आईला न्यायच्या कामाची न्हाय?” म्हणजे माझी आणि गाडीची अब्रू एकदमच पणाला लागली.

तर मागच्या पावसाळ्यानंतर मी तिला घेऊन निघालो. म्हसळ्याच्या अलीकडे एक खड्डा आला. खड्डा कसला, विहीरच ती, फक्त कठडा बांधायचा राहिला होता. गाडी आत गेली, बाहेर आली, आणि आई मागच्या सीटवरून उडून टपाला आपटली. मांडीवरचा डबा उघडला आणि गाडीभर सांडगेच सांडगे. तिने पदरातले सांडगे झटकले. मग म्हणाली, “फिरव.”

“अगं, अर्ध्याच्या वर आलोय.”

“फिरव म्हणते ना मेल्या! आक्काकडे मला जिवंत जायचंय.”

फिरवली. घरी आल्यावर तिने डोक्यावरचं टेंगूळ आळीतल्या प्रत्येक बाईला हात लावून बघायला दिलं. “मी न्हाय बसायची आता ह्याच्या गाडीत,” हेही सगळ्यांच्या समोर जाहीर करून टाकलं, त्यामुळे शब्द मागे घ्यायची सोय उरली नाही. त्या दिवसापासून दिवेआगर बंद. फोन चालू, पण फोनवर दोघी माझ्या गाडीबद्दलच बोलायच्या, आणि ते मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचं.

आता गाडी सुधारल्याशिवाय सुटका नव्हती. पण खिसा शिक्षकाचा, तेव्हा जे काय करायचं ते स्वस्तात. ही बातमी माझ्या मेहुण्याला कुठून लागली कोण जाणे, पण रविवारी सकाळी तो कामोठ्याहून हजर. माझ्या बायकोचा हा भाऊ मोबाईलवर गाड्यांचे व्हिडिओ बघतो आणि तेवढ्यावर स्वतःला इंजिनियर समजतो.

“भावोजी, टेन्शन नाय लेने का,” तो म्हणाला. “पहले परफॉर्मन्स, मग सस्पेन्शन. गाडीला आधी श्वास घेता आला पायजे.”

त्याने पिशवीतून एक जुना लाल एअर फिल्टर काढला, कुणाच्या तरी गाडीचा उतरवलेला. नंतर एक जाड सायलेन्सर काढला, तोही उतरवलेलाच. दुपारपर्यंत त्याने दोन्ही बसवले. गाडी सुरू केली आणि शेजारची गाय दावं तोडून पळाली. खोटं सांगत नाही, ती गाय संध्याकाळी गावाच्या पलीकडून आणावी लागली आणि आणायला मी गेलो, कारण मेहुणा जेवून झोपला होता. दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या फाटकाशी पोचलो, तर मुख्याध्यापक आतून धावत आले. त्यांना वाटलं, पाण्याचा टँकर आला. वेग किती वाढला म्हणाल, तर पूर्वी चढावर मला सायकलवाला मागे टाकायचा. आताही टाकायचा, फक्त कानावर हात ठेवून.

आईने ओटीवरून सगळा कारभार बघितला आणि एकच वाक्य बोलली. “आवाज वाढला. खड्डा तेवढाच हाय.”

हे ऐकून मेहुणा संध्याकाळच्या गाडीने कामोठ्याला गेला.

मग मी मेस्त्रीकडे गेलो. तळ्यातून बाहेर पडताना इंदापूरच्या रस्त्याला त्याचं पत्र्याचं गॅरेज आहे. तालुक्यातल्या सहा आसनी रिक्षा, टेम्पो, वाळूच्या गाड्या, सगळ्या त्याच्याच हाताखालून जातात. माणूस कमी बोलतो. त्याने गाडीचा मागचा कोपरा हाताने दाबला, सोडला. गाडी वर-खाली, वर-खाली करत राहिली, थांबायचं नावच घेईना.

“शॉकअप मेलेत,” तो म्हणाला. “स्प्रिंगा बसल्यात. रबरी बुश तर न्हायतच.”

“नवीन टाकायचे तर?”

त्याने आकडा सांगितला. मी खाली बघितलं. त्यालाही ते समजलं. म्हणाला, “शॉकअपमधी तेल भरून घिऊ. स्प्रिंगा भंगारातल्या बघतो, कापून बसवतो. पण एक सांगा, गुरुजी. गाडीत माणसं किती बसतात?”

“पाच.”

“ती कागदावरची. खरी किती?”

आणि इथे मी माती खाल्ली. मुकाट्याने म्हणायचं, आई आणि मी, दोघं. पण कुणी गाडीची चौकशी केली की माझ्या अंगात येतं. छाती काढून म्हणालो, “गौरीला सासुरवाडीला गेलो तेव्हा नऊ होतो! पुढे तिघं, मागे चार बायका, त्यांच्या मांडीवर दोन पोरं. आणि गौरीचं सामान वेगळं!”

मेस्त्रीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा आदर दिसला. “नऊ,” असं पुटपुटत त्याने खडूने माझ्याच दरवाज्यावर ९ लिहिलं.

आमच्याकडे गाडीचं माप असंच असतं, ह्यात त्याचा काही दोष नाही. सहा आसनी रिक्षात बारा माणसं बसली की ती निघते, अकरा बसली तर ड्रायव्हर बिडी ओढत थांबतो. रिकामी गाडी म्हणजे उभी गाडी. चालणारी गाडी भरलेलीच असणार, हा मेस्त्रीचा आयुष्यभराचा हिशेब. त्याने एका मालवाहू टेम्पोच्या मनगटाएवढ्या जाड स्प्रिंगा शोधल्या, कापल्या, माझ्या गाडीखाली ठोकून ठोकून बसवल्या. “नऊ माणसं बसली की पाण्यावरून गेल्यासारखी जाईल बघा,” तो म्हणाला. मी ‘पाण्यावरून’ एवढंच मनात धरून गाडी घेऊन निघालो.

गाडीचा मागचा भाग हातभर वर आला होता. दारात उभी केली की ती कुणाच्या तरी पाया पडतेय असं वाटायचं. आणि आत बसल्यावर? देवा रे देवा! पूर्वी गाडी हेलकावे खायची, आता ती दणके मोजून द्यायला लागली. रस्त्यावर पडलेलं नाणं छापा आहे की काटा, हे मला बसल्या जागी कळायचं. बायकोला माणगावच्या बाजाराला नेलं, तर परत येताना ती शेजाऱ्यांच्या स्कूटरवर बसून आली. “अहो, माझी कवळी असती तर पडली असती,” असं वर ऐकवलं. तिला कवळी नाही, तरी ऐकवलं.

मी तसाच मेस्त्रीकडे. डोकं तापलेलं. “काय लावलंयत हे? बैलगाडी बरी! आईला बसवू कशी मी ह्यात?”

तो जमिनीवर बसून नट घासत होता. मान वर न करता म्हणाला, “नऊ बसली व्हती?”

“नऊ कुठली? मी आणि बायको!”

आता त्याने मान वर केली. दोन माणसांना घेऊन अख्खी गाडी फिरवतो असला उधळ्या मास्तर त्याने उभ्या जन्मात बघितला नसावा. तो उठला, गॅरेजमध्ये बसलेल्या रिकामटेकड्यांना हाक मारली, समोरच्या टपरीवरचे दोघे बोलावले, स्वतः पुढे बसला, आणि मोजून नऊ माणसं माझ्या गाडीत कोंबली. त्यातल्या एकाच्या हातात चहाचा भरलेला कप होता. “टाका गियर,” मेस्त्री म्हणाला.

काय सांगू! एसटी स्टँडपर्यंत जाऊन आलो. वाटेतले सगळे खड्डे मुद्दाम घेतले. गाडी अशी गेली, जणू खालून कुणी लोणी लावलंय. चहाचा थेंब सांडला नाही. टपरीवाला म्हणाला, “गुरुजी, किहीमला बंगलेवाल्यांच्या गाड्या येतात, त्याबी अशा जात नसतील.” मला आनंद झाला आणि रडूही आलं, कारण गाडी उत्तम झाली होती, फक्त तिला माझी आई पुरत नव्हती.

“जुन्या स्प्रिंगा परत बसवा.”

“त्या कापून एकाच्या पाणी ओढायच्या मोटारीखाली लावल्या.”

मी घरी येऊन हे सांगितल्यावर आळीत उत्साह संचारला. नऊ माणसं पाहिजेत ना? दिवेआगरला? समुद्राला? अर्ध्या तासात चौदा झाली. एकीने तर पोह्यांचं प्रमाणही ठरवलं. आई मात्र ओटीवर बसून डोक्यावरून हात फिरवत होती. टेंगूळ कधीच गेलं होतं, पण हात जायचा.

“मला आक्काकडे जायचंय,” ती म्हणाली. “वरात न्हाय न्यायची.”

पोह्यांचा विषय तिथेच संपला. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, “माणसंच कशाला पायजेत? वजन पायजे ना? घरात तांदूळ हाय.”

मला एवढं साधं सुचलं नव्हतं. मी बी.एड. आहे.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या परीक्षा सुरू झाल्या. आमच्याच शेतातला तांदूळ, कोठीतून काढून छोट्या पोत्यांत भरला. दोन पोती डिकीत टाकली. आई मागे बसली, मांडीवर पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या. गावाबाहेरच्या मोठ्या खड्ड्यातून गाडी काढायची आणि परत यायचं. पाणी सांडलं की आई सांगायची, “अजून एक टाक.” तिसरं पोतं. पुन्हा फेरी. “अजून.” चौथं आईच्या शेजारी सीटवर. पाचवं पुढच्या सीटवर, त्याला पट्टाही लावला. आमटीत मीठ टाकावं तसं आई वजन टाकत होती. पाचव्या पोत्याला माझ्या मते पाणी अजिबात सांडलं नाही. मी तसं म्हटलंही.

“तुला काय कळतंय? अजून दीड टाक.”

साडेसहा पोत्यांवर ती समाधान पावली. येताना तांदूळ परत आणायचा, हे मी गृहीतच धरलं होतं. तसं मी बोललो तेव्हा तिने हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. तांब्यातलं पाणी तिने तुळशीला घातलं.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर निघालो. मागे एक हँडबॅग आणि आई, तिच्या भोवती पोती. म्हसळ्याअलीकडची ती विहीर आली. मी स्टिअरिंग घट्ट धरलं, डोळे अर्धे मिटले. गाडी आत गेली, बाहेर आली. मागून आवाज नाही. आरशात बघितलं तर आई डुलकी काढत होती! मी एकटाच गाडीत मोठ्याने ओरडलो, “जमलं!” त्याने मात्र ती दचकून उठली आणि मला चार शब्द ऐकवले.

बोर्लीच्या अलीकडे एका हवालदाराने हात केला. सायलेन्सरचा आवाज त्याला लांबून ऐकू आला होता. जवळ येऊन त्याने आत वाकून बघितलं आणि सायलेन्सर विसरला.

“काय आहे हे?”

“तांदूळ.”

“एवढा? रेशनचा का?”

“नाही हो साहेब, सस्पेन्शनचा.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला स्प्रिंगा, शॉकअप, नऊ माणसं, तांब्या, सगळं समजावून सांगायला लागलो. मुलांना भागाकार शिकवतो तसं. जितकं सांगावं तितका त्याचा संशय वाढत गेला. शेवटी त्याने पावती-पुस्तक काढलं, तेव्हा आई मागून कडाडली. “अरे बाबा, हात घालून बघ पोत्यात! असला जाडा तांदूळ रेशनवर मिळतो व्हय? बहिणीकडे चाललेय मी, तीन वर्षांनी. तुला आई हाय का न्हाय?”

हवालदाराने मूठभर तांदूळ हातात घेतला, हुंगला. “घरचा आहे,” असं स्वतःशी म्हणाला आणि मूठ परत पोत्यात सोडली. “जा आजी. आणि गुरुजी, तो सायलेन्सर बदला.” मी मेहुण्याला मनातल्या मनात खूप काही बोललो.

मावशी अंगणात खुर्ची टाकून बसली होती. कधीपासून, ते विचारलं नाही. आईला गाडीतून उतरवायच्या आधी मला दोन पोती हलवावी लागली. आई उतरली, दोघींनी एकमेकींना धरलं आणि कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या. मी पोत्यांकडे बघत राहिलो. मला काय करावं कळत नव्हतं.

रविवारी दुपारी निघायचं ठरलं होतं. मी सकाळी जरा समुद्रावर फिरून आलो तर गाडी वर आलेली, पाया पडणारी. आत बघितलं तर एक पोतं नाही. शेजारच्या दोन गड्यांना बोलावून आईने सगळा तांदूळ मावशीच्या माजघरातल्या पिंपांत ओतून घेतला होता.

“आई! हे काय केलंस? आता तू येणार कशी? आपटशील ना!”

“बहिणीच्या घरात उतरवलेला तांदूळ परत नेतात व्हय कुणी?” ती म्हणाली.

“मग मी नारळाची पोती भरतो. मावशी, नारळ आहेत ना?”

मावशीने वाडीकडे हात केला. वाडीत चारच जुने माड उभे होते. बाकी नवे लावलेले, माझ्या खांद्यापर्यंत आलेले. नारळ काय, अजून त्यांचं खोडही नीट दिसत नव्हतं. मला विचारलं त्याची लाज वाटली. पण मी हट्टी माणूस. म्हटलं, मग जांभ्याचे चिरे भरतो. मग म्हटलं, समुद्रावरची वाळू भरतो.

“वाळू भर,” आई म्हणाली, “म्हणजे तो हवालदार ह्या खेपेला खरंच धरील.”

मला हसू आलं नाही. मी चिडलो होतो. पिंपांत डोकावून बघितलं आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. दोन म्हाताऱ्या माणसांना वर्षभर पुरेल एवढा तो तांदूळ होता. तांब्यातलं पाणी पाचव्या पोत्यालाच सांडायचं थांबलं होतं. पुढचं दीड पोतं तिने गाडीसाठी टाकलंच नव्हतं. तीन महिने मी गाडी जाण्या-येण्यासाठी दुरुस्त करत होतो, आणि तिला फक्त जायचं होतं.

“म्हणजे तुला यायचंच नाहीये,” मी म्हणालो.

“न्हाय,” ती म्हणाली. मग जवळ आली. “रागवू नको रे. तुझ्या घरात मला काय कमी हाय? सून माझी सोन्यासारखी हाय. पण आक्का संध्याकाळी एकटी जेवते. शिजवते, आणि एकटी जेवते. फोनवर मला भांड्याचा आवाज येतो.”

“आणि मी?” पन्नाशीला आलेला माणूस मी, पण तोंडातून हेच निघालं. “माझं काय?”

ती हसली. पदराने तोंड पुसलं, तिचं की माझं, आता आठवत नाही. मावशीने आतून ताट वाढल्याची हाक मारली. जेवणात सांडगे होते. तिघंही भरपूर जेवलो.

निघताना गाडी सुरू केली. त्या आवाजाने वाडीतले कावळे उडाले. आई फाटकापर्यंत आली, काचेतून आत वाकली. मी नाक वर करून म्हटलं, “पुढच्या महिन्यात येतो. गहू आणतो चार पोती, म्हणजे येताना तरी गाडी नीट चालेल.”

“गहू नको आणू,” ती म्हणाली. “तुझ्या एकट्याच्या वजनाने ही गाडी बसायची न्हाय, हाडं खिळखिळी होतील तुझी, ठाऊक हाय मला. तरी ये.”